भूगर्भाची नाडी पाहणारे शास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि आपला मराठवाडा

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सत्कार स्वीकारताना प्रत्येक विद्यार्थ्याला पुढे काय होणार असे विचारण्यात आले. बहुतेकांनी डॉक्टर सांगितले, काहींनी इंजिनिअर आणि दोघा-तिघांनी कलेक्टर. ही उत्तरे ऐकून आम्हांला आनंदच झाला. परंतु ज्या जमिनीवर आपण सगळे बसलो आहोत, त्या जमिनीच्या पोटात काय चालले आहे याचा अभ्यास करीन असे एकही मूल म्हणाले नाही. यात मुलांचा दोष नाही. असेही एक शास्त्र आहे आणि त्यात आयुष्य घालवता येते, हे आपण मोठ्यांनीच त्यांना कधी सांगितलेले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी आज आम्ही एका शास्त्रज्ञाविषयी बोलणार आहोत. त्यांचे नाव डॉ. हर्ष कुमार गुप्ता. ते मराठवाड्याचे नव्हेत. तरीही मराठवाड्याच्या सर्वांत काळ्या पहाटेशी त्यांच्या कामाचा संबंध आहे, म्हणून हा विषय निवडला.

त्यांच्या शास्त्राला भूभौतिकशास्त्र म्हणतात. नाव जड असले तरी गोष्ट साधी आहे. बाजारात टरबूज घेताना आपण ते न कापता त्यावर टिचकी मारतो आणि आवाजावरून पिकले की नाही ते ओळखतो. भूभौतिकशास्त्रज्ञ पृथ्वीच्या बाबतीत हेच करतो. जमिनीतून जाणाऱ्या लहरी, खडकांतील चुंबकत्व, गुरुत्वाकर्षणातील बारीक फरक, जमिनीतून वाहणारी वीज, आतून येणारी उष्णता अशा खुणांवरून तो न दिसणाऱ्या खडकांची माहिती काढतो. आपल्या देशात या कामासाठी १९६१ साली हैदराबाद येथे राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था स्थापन झाली. नांदेडहून रात्री गाडीत बसले की सकाळी हैदराबाद येते. इतक्या जवळ असूनही आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

डॉ. गुप्ता यांचा जन्म १९४२ साली उत्तर प्रदेशात झाला. धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि रुडकी विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळवली. तरुणपणीच ते हैदराबादच्या संस्थेत दाखल झाले. त्यांच्या आयुष्याला दिशा देणारी घटना मात्र आपल्या महाराष्ट्रात घडली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, घरे जमीनदोस्त झाली आणि धरणालाही तडे गेले. भूकंपाची तीव्रता ६.३ होती. दख्खनच्या या कठीण काळ्या पाषाणात मोठा भूकंप होऊ शकत नाही असा त्यावेळी समज होता. मग हा झाला कसा?

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस पाणी साठवण्यास प्रारंभ झाला आणि त्यानंतर धक्के सुरू झाले. डॉ. गुप्ता त्यावेळी पंचविशीत होते. संस्थेचे संचालक डॉ. हरि नारायण आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या धक्क्यांचा अभ्यास केला. आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्टा, चीनमधील एक धरण अशा जगातील इतर धरणांजवळच्या भूकंपांशी त्यांनी कोयनेची तुलना केली आणि या भूकंपांची समान लक्षणे शोधून काढली. पाण्याची पातळी किती वेगाने चढते, आजवरच्या कमाल पातळीच्या ती वर जाते का, उंच पातळीवर पाणी किती काळ राहते, या गोष्टींचा भूकंपाशी संबंध असतो हे त्यांनी मांडले. कोयनेची पातळी आठवड्याला सुमारे १२ मीटरपेक्षा जास्त वेगाने चढली तर मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, हा त्यांचा निष्कर्ष केवळ पुस्तकी नाही. धरण भरणाऱ्या अभियंत्याला उपयोगी पडावा असा तो आहे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. धरणाच्या पाण्यामुळे नवा भूकंप निर्माण होतो असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. खडकात ताण आधीच साठलेला असतो, जुनी भेग असते. पाण्याच्या भाराने आणि भेगेत झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने ती भेग सरकण्याची वेळ अलीकडे येते. बंदुकीत गोळी आधीच भरलेली असते, पाणी फक्त चाप ओढते. गावोगावी चालणाऱ्या 'धरणाने भूकंप केला' आणि 'धरणाचा काही संबंध नाही' या दोन्ही वादांत हा फरक हरवतो. याच विषयावर डॉ. गुप्ता यांनी डॉ. रस्तोगी यांच्यासह १९७६ साली 'धरणे आणि भूकंप' या अर्थाच्या नावाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. १९८३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आपल्या देशात विज्ञानासाठी हा फार मोठा मान समजला जातो.

त्याच सुमारास, १९८३-८४ मध्ये, अंटार्क्टिकावर गेलेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेचे ते नेते होते. एका उन्हाळ्यात या मोहिमेने बर्फाच्या त्या खंडावर 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले कायम वस्तीचे केंद्र उभे केले. पुढे ते केंद्र बर्फात गाडले गेले आणि १९९० साली बंद करण्यात आले, हा भाग वेगळा. त्यानंतर ते कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९९२ साली हैदराबादच्या संस्थेचे संचालक म्हणून परतले.

आणि पुढच्याच वर्षी किल्लारी.

या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांचे वय चाळीसच्या पुढे आहे त्यांना ती पहाट सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. नांदेडला आम्ही भांड्यांच्या आवाजाने जागे झालो. ट्रक गेला असेल असे समजून काही जण परत झोपले. सकाळी रेडिओवरून किल्लारीचे नाव आले. दुसऱ्या दिवशी आम्ही काही जण धान्य, चादरी आणि कंदील घेऊन टेम्पोने लोहा, अहमदपूर, लातूर, औसा मार्गे निघालो. पाऊस होता, काळ्या मातीत चाके रुतत होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, एकोंडी, ही नावे तोवर आम्हांला फक्त एस.टी.च्या पाटीवर माहीत होती. तेथे गावे नव्हती, दगडांचे ढीग होते. त्या ढिगांतून माणसे काढणे चालू होते. चितेसाठी लाकूड पुरत नव्हते, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया वापरल्या जात होत्या. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. आम्ही तेथे काय पाहिले ते सर्व येथे बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या हिशेबात हा राक्षसी भूकंप नव्हे. एवढी माणसे गेली त्याची कारणे दोन. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार उथळ होते हे एक, आणि दुसरे म्हणजे आपली घरे. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, त्यावर दरवर्षी गळती थांबवण्यासाठी टाकत गेलेली माती, एक-दोन फुटांपर्यंत. उन्हाळ्यात हे घर गार राहते म्हणून आपल्याला प्रिय. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्यांच्या घरात लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता, त्यांचा सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला आणि भिंती मात्र पडल्या.

उलट जेथे कुडाच्या भिंती, पाचटाचे किंवा पत्र्याचे छप्पर होते, तेथे माणसे वाचली. गरिबाच्या झोपडीने गरिबाला वाचवले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून फिरताना हे आमच्या डोळ्यांनी दिसले. पण यातही एक दुःख आहे. आपल्याही अनेक कुटुंबांनी पै-पै जमवून झोपडी सोडली होती आणि दगडी घर बांधले होते. दगडी घर ही प्रतिष्ठा होती. वाड्यासारखे आपलेही घर असावे, ही इच्छा काही गुन्हा नव्हती. एका वृद्ध गृहस्थाने आम्हांला सांगितले की मुलाने घर बांधले तेव्हा गावात पेढे वाटले होते. तो मुलगा त्याच घराखाली गेला. इतक्या वर्षांनीही ते पेढे आम्ही विसरलेलो नाही.

आता प्रश्न असा की शास्त्रज्ञांना हे आधी कळले नव्हते काय? खरे उत्तर द्यायचे तर, नव्हते. १९९२ च्या पावसाळ्यात व त्यानंतर ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात अनेक धक्के बसले होते, घरांना तडे गेले होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. नंतर धक्के थांबले आणि लोक घरात परतले. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग त्यावेळी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. हिमालयात भूकंप होतो, कोयनेत धरणामुळे झाला, पण येथे काही होणार नाही, अशी शास्त्राचीही धारणा होती. ही धारणा चुकली. आम्ही हे लपवून डॉ. गुप्ता यांचे गुणगान करणार नाही, आणि त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमीही होत नाही. चूक कळल्यावर माणूस काय करतो, ते पाहण्यासारखे असते.

त्यांनी संस्थेची यंत्रे आणि माणसे या भागात उतरवली. नंतरचे बारीक धक्के मोजले गेले. जमिनीतील विजेच्या वहनाचा अभ्यास झाला आणि भूकंपाच्या केंद्राखाली काही किलोमीटर खोलीवर पाण्यासारखा द्रव असलेला थर असावा असे संकेत मिळाले. त्यावर १९९६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंध लिहिला. १९९४ सालीच, म्हणजे वर्षभरात, लातूर भूकंपावरील अभ्यासांचा ग्रंथ त्यांच्या संपादनाखाली जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने प्रसिद्ध केला. पुढे किल्लारीत जमिनीला छिद्र पाडून खडकांचे नमुने काढण्यात आले. सहाशे मीटरहून खोल गेलेल्या त्या छिद्रात वरचा काळा पाषाण सुमारे ३३८ मीटर भरला. त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. आपण ज्याला अढळ समजत होतो तो काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एक पांघरूण आहे. भेगा आहेत त्या पांघरुणाखालच्या खडकात, त्याच्याही कितीतरी आधीच्या. पांघरूण जाड म्हणून खालचा माणूस निरोगी, असे म्हणता येत नाही, तसेच हे.

तेरणा नदीवरील माकणीच्या धरणाचा या भूकंपाशी संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. काहींना संबंध वाटला, पुष्कळांना वाटला नाही. भूभागाच्या पोटातील जुनी भेग साठलेल्या ताणामुळे पुन्हा सरकली, हे मत अधिक मान्य झाले. २००२ साली भूकंप नकाशा सुधारला गेला, पहिला पट्टा रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. हजारो माणसे गेल्यावर नकाशाचा रंग बदलला असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे.

डॉ. गुप्ता यांचे पुढचे मानसन्मान थोडक्यात सांगतो, कारण यादी वाचून कोणी शास्त्रज्ञ होत नाही. १९९० च्या दशकात साऱ्या जगाचा भूकंप-धोक्याचा नकाशा तयार करण्याचा उपक्रम झाला, त्यात आशियातील कामाची सूत्रे त्यांच्याकडे होती. २००१ साली ते केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाचे सचिव झाले. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा ते त्याच पदावर होते. त्यानंतर हैदराबाद येथे त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र उभारण्याचे काम सुरू झाले आणि ते २००७ साली कार्यान्वित झाले. २००६ साली त्यांना पद्मश्री, २००८ साली अमेरिकन भूभौतिकीय संघाचे वाल्डो स्मिथ पदक मिळाले. पुढे ते राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सदस्य होते, आणि २०११ ते २०१५ या काळात पृथ्वीविज्ञानाच्या जागतिक संघाचे अध्यक्ष होते. आणि एवढे सगळे झाल्यावरही ते कोयनेकडे परतत राहिले. पंचविशीत हाती घेतलेला प्रश्न त्यांनी सत्तरीतही सोडला नाही. कोयना परिसरात खोल छिद्र पाडून भूकंपाच्या जागेजवळच यंत्रे ठेवावीत, या प्रकल्पाचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. २०१७ साली तेथे ३ किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण झाले. या कामासाठी कराडला केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

आता आपल्या दारातले. २००६ नंतर काही वर्षे नांदेड शहराच्या काही भागांत जमिनीतून गडगडाट ऐकू येत असे आणि सौम्य धक्के बसत. अनेक कुटुंबे रस्त्यावर झोपली. त्यावेळी ज्वालामुखी फुटणार येथपासून अमुक तारखेला शहर गडप होणार येथपर्यंत अफवा होत्या. आमच्यापैकी काहींच्या घरी तर नातेवाइकांनी फोन करून गाव सोडायला सांगितले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी व आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने यंत्रे बसवली आणि हे धक्के अगदी उथळ व लहान असल्याचे दिसून आले. २०२४ साली २१ मार्च आणि १० जुलै या दोन सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. पुन्हा त्याच अफवा, पुन्हा तारखा.

तेव्हा हे पक्के लक्षात ठेवावे की अमुक दिवशी अमुक ठिकाणी मोठा भूकंप होईल, असे आज जगातील कोणीही सांगू शकत नाही. डॉ. गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेत २००५ नंतर मध्यम धक्क्यांचा अल्पकाळ आधी अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. त्यात काही यशही आले. पण तो प्रयत्न वीस-तीस किलोमीटरच्या एका ठरावीक क्षेत्रापुरता होता आणि त्यामागे चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या. ज्याने आयुष्य या प्रश्नाला दिले तो एवढाच दावा करतो. पंचांग उघडून तारीख देणाऱ्याचा दावा मग कसा तोलायचा, हे विद्यार्थ्यांनी ठरवावे.

तारीख सांगता येत नसली तरी घर कसे बांधावे हे सांगता येते. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, बाकीच्या हजारो घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, त्यातून गवंड्यांनाही पुष्कळ शिकायला मिळाले. आपल्यापैकी अनेकांना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळते. आमची त्यांना विनंती आहे की रंग आणि फरशी नंतर पाहावी. आधी गवंड्याला विचारावे की जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींना अखंड बांधणारा लोखंडी सळईचा काँक्रीट पट्टा तू टाकणार आहेस की नाही. कोपऱ्यात उभी सळई घालणार की नाही. जुने दगडी घर असेल तर माळवदावरची जादा माती उतरवून घ्यावी. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका गावी नव्या घरकुलाच्या वास्तूला गेलो. घर सुंदर होते, दारावर तोरण होते आणि पट्टा एकाही भिंतीत नव्हता. त्या कुटुंबाला आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होते.

विद्यार्थ्यांसाठी व्यवहाराचे. बारावी विज्ञान, नंतर भौतिकशास्त्र, गणित किंवा भूशास्त्र घेऊन बी.एस्सी., पुढे एम.एस्सी. हा साधा रस्ता आहे. आपल्या नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात भूभौतिकशास्त्राचा विभाग आहे. एम.एस्सी.नंतर नेटची परीक्षा पृथ्वीविज्ञान विषयात देता येते आणि तीत पात्र ठरल्यास संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळते. गणिताची भीती वाटते त्यांनी अकरावीतच शिकवणी लावावी, नंतर उशीर होतो. मुलींच्या पालकांना सांगतो की या शास्त्रात बाहेरगावी फिरावे लागते, तंबूत राहावे लागते, आणि मुली ते उत्तम करतात.

हैदराबादच्या संस्थेचे दालन वर्षातून काही दिवस विद्यार्थ्यांसाठी खुले असते. येत्या विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे सहल नेण्याचे संस्थेच्या कार्यकारिणीने ठरवले आहे. नववी ते बारावीच्या चाळीस विद्यार्थ्यांना नेता येईल. प्रवासखर्च संस्था करील, जेवणाचा डबा घरून आणावा. किल्लारी, सास्तूर परिसरातील मुलांना पहिले प्राधान्य आहे. नावे आज कार्यक्रम संपण्यापूर्वी दाराशी बसलेल्या सचिवांकडे नोंदवावीत, पालकांची सही सोबत लागेल.